एक ठोका जास्त

माझा नवरा रूबेन टॅपस्कॉट माणूस म्हणून वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा तसा समज होईल. पिणं बेताचं, शिवी क्वचित, आणि तेहतीस वर्षांच्या संसारात रविवारची प्रार्थना त्यानं दोनदाच चुकवली. दोन्ही वेळा अंगात ताप होता. पण चर्चमध्ये तो माझ्या शेजारी बसतो, पाद्रीसाहेब प्रवचनाला उभे राहतात आणि ह्याची बोटं बाकाच्या कडेवर वाजायला लागतात. पुढच्या बाकावरून मिसेस यांडल मान वळवून बघतात. मी त्याच्या हातावर हात ठेवते. मग त्याचा पाय सुरू होतो. देवानं मला सहनशक्ती दिली आहे, पण मोजून दिली आहे, आणि त्यातली बरीचशी ह्या ढोलापायी खर्ची पडली.

रूबेन पिंपं बनवतो. आमच्या कॉम्ब मार्ली गावात सफरचंदाच्या बागा आहेत तोवर सफरचंदाची दारू, म्हणजे सायडर आहे, आणि सायडर आहे तोवर पिंपं लागणारच. पिंपाला लोखंडी कडं बसवताना त्याच्याभोवती गोल फिरत हातोडीनं ठोकत जावं लागतं. दोन ठोके, एक पाऊल, दोन ठोके, एक पाऊल. त्याचा बाप हेच करायचा, आणि दर व्हिट सोमवारी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, गावच्या क्लबच्या मिरवणुकीपुढे ढोलही वाजवायचा. बापाचा बाप आणि त्याचाही बाप तेच करायचे. बाप गेला तेव्हा रूबेनला हातोडी आणि ढोल दोन्ही मिळाले. हातोडीबद्दल माझी काही तक्रार नाही.

ढोल दोऱ्यांनी ताणायचा, वासराच्या कातड्याचा. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून त्याची जागा चुलीजवळ. माझ्या पावाचं पीठ फुगायला ठेवायची जागाही तीच. तेहतीस वर्षं पाव आणि ढोल यांच्यात त्या कोपऱ्यावरून भांडण चालू आहे आणि पाव अजून एकदाही जिंकलेला नाही.

पहिल्या महायुद्धात तो आमच्या परगण्याच्या पलटणीतून ढोलवाला म्हणून गेला. तिकडे ढोल थोडा वाजवला, जखमी माणसं जास्त वाहिली. त्याबद्दल तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. बोलतो तो पावलांबद्दल. पाऊल तीस इंचांचं, आणि मिनिटाला किती, हे एवढं मोजमाप तो तिथून घेऊन आला. सावकाश कूच असेल तर पंचाहत्तर, जुनी जलद कूच एकशेआठ, नवी एकशेवीस, आणि त्याची पलटण तर एकशेचाळीसनं पळायची. लग्न लागून आम्ही चर्चच्या दारातून बाहेर पडत होतो, लोक तांदूळ उधळत होते, माझी आई रडत होती, आणि ह्यानं माझ्या कानाशी येऊन नवऱ्याचं पहिलं वाक्य उच्चारलं: “ऑली, तू एकशेवीसनं चालतेयस. जरा एकशेआठवर ये.”

मी तेव्हाच परत आत जायला हवं होतं.

त्याच्या डोक्यात ह्या कूच करायच्या चालींचा सगळा इतिहास भरलेला आहे आणि तो बाहेर पडायला आमचं जेवणाचं टेबल ही एकच वाट आहे. मटणाचा रस्सा वाढावा तर हा सांगणार, की आधी फक्त ढोल होता, बासरी नंतर आली. बटाटे वाढावेत तर सांगणार, की सैन्याची म्हणून जी चाल मिरवतात ती मुळात कुणाच्या तरी खळ्यावर नाचायची असते; कोणी कापणीवाला ती शीळ घालत पलटणीत भरती होतो, आडव्या बासरीवाला ती उचलतो, आणि दहा वर्षांनी तिच्यावर हजार माणसं परक्या मुलखात चिखल तुडवतात. युद्ध संपलं की उरलेली माणसं तीच चाल घेऊन गावी येतात आणि पोरी पुन्हा तिच्यावर नाचतात. “माणसाला चालवायचं असेल तर आधी त्याला नाचवावं लागतं,” हे त्याचं आवडतं वाक्य. मी एकदा म्हटलं, तू मला ना धड नाचवलंस ना धड चालू दिलंस. तो हसला, आणि रश्श्याच्या वाटीवर चमच्यानं काहीतरी वाजवून दाखवलं.

आता आमच्या गावच्या चालीबद्दल. क्लब जुना आहे; सभासद आजारी पडला तर त्याच्या घरी चूल पेटती ठेवायची आणि मेला तर त्याला नीट पुरायचं, यासाठी काढलेला. व्हिट सोमवारी सगळे सभासद पितळी टोकाच्या लांब काठ्या घेऊन ‘नांगर’ खानावळीपासून चर्चपर्यंत चालत जातात. पुढे ढोल, मागे बँड, त्यामागे साठ-पासष्ट पुरुष, जोडीजोडीनं. चाल कायम एकच. तिच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठोका जास्त आहे. त्या ठोक्याला पाऊल पडत नाही. सगळे जागीच थांबतात, सगळ्या काठ्या एकदम जमिनीवर आपटतात, आणि मग पुढचं पाऊल. आमच्या गावातली दीड वर्षाची पोरंही टेबलाला धरून चालताना मध्येच थांबतात आणि मूठ आपटतात. बाहेरचा पाहुणा मिरवणुकीत शिरला की पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, आणि तो आदळला की मिरवणूक खरी सुरू झाली असं समजायचं. हा ठोका का आहे, असं कुणी विचारत नव्हतं. नदीला वळण का आहे असं कोण विचारतं?

विचारलं ते रूबेननं.

म्हाताऱ्या केझाया व्हाउल्सबाईंनी आठ वर्षांपूर्वी त्याला एक वही दिली. त्यांचा पणजोबा टॉमस व्हाउल्स पलटणीत बासरी वाजवायचा, आणि गावी आल्यावर चर्चच्या सज्जात बसून भजनांना साथ करायचा; तेव्हा चर्चमध्ये ऑर्गन नव्हता, हेच लोक वाजवायचे. वही त्याची. कागद महाग होता म्हणून अशा वह्या दोन्हीकडून लिहायचे. एका बाजूनं उघडली तर स्तोत्रांच्या चाली. उलटी करून मागून उघडली तर नाचाच्या आणि कूच करायच्या. बाईंनी वही माझ्या स्वयंपाकघरात आणून दिली तेव्हा रूबेननं ती मागूनच उघडली. मला म्हणाला, “ती बाजू तुझी आणि देवाची. ही माझी.” आणि त्यानंतर आठ वर्षं त्यानं ती बाजू उलटली नाही.

त्यातली अडचण अशी, की त्याला सुरांची लिपी वाचता येत नव्हती. त्याचं सगळं वाजवणं बापाच्या हाताकडे बघून शिकलेलं. मग हा माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेच्या बाईंकडून ती लिपी शिकला. आठवड्यातून एक संध्याकाळ, शाळेच्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून. एकेक चाल लावायला महिने. माझ्या पिठाच्या डब्यावर, दुधाच्या बिलामागे, एकदा तर माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर ठिपके काढून ठेवलेले असायचे. त्या पानाचं प्रायश्चित्त म्हणून त्यानं मला नवीन पुस्तक आणलं, आणि त्यातही ठिपके काढले.

ह्या फेब्रुवारीत, चौपन्न सालच्या, तो पिंपांच्या शेडमधून आत आला आणि दारातच उभा राहिला. थंडी आत येत होती. मी म्हटलं दार लाव. तो म्हणाला, “ऑली, आपली चाल सापडली. आणि तिच्यात तो ठोका नाही.”

वहीतल्या त्या पानावर नाव होतं ‘मार्ली वॉक’, म्हणजे मार्लीची चाल, आणि खरंच, टॉमस व्हाउल्सच्या हातची ती चाल सरळ होती. सोळा मात्रा, मग सोळा, जादा काही नाही. मला वाटलं चला, सापडलं, आता ढोल चुलीजवळून हलेल. पण रूबेनचा चेहरा आनंदाचा नव्हता. मला कळायला थोडा वेळ लागला. बासरीवाल्यानं सरळ लिहिली, म्हणजे जादा ठोका घातला तो ढोलवाल्यानं. आणि ढोल तर पहिल्यापासून टॅपस्कॉटांकडेच. म्हणजे त्याच्याच कुणा खापरपणजोबाला मोजता येत नव्हतं, किंवा तो प्यायलेला होता, आणि त्या एका चुकीपायी सव्वाशे-दीडशे वर्षं सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या अडखळत चर्चला चाललं होतं.

“घराण्याची चूक आहे,” तो म्हणाला. “मी मरायच्या आत दुरुस्त करणार.”

मी सांगून पाहिलं. गावाला चूक वाटत नाही, देवाला तर नाहीच. तो म्हणाला, मला वाटते. तीन रात्री झोपला नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, आणि कुणा पूर्वजाच्या हिशोबात न बसलेल्या एका ठोक्यासाठी उशीवर बोटं वाजवत पडलेला.

कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवणारा बँडचा म्होरक्या डेस्मंड यांडल हा रूबेनचा शाळेपासूनचा सोबती. दोघांनी एकाच बाकावर मार खाल्लेला. क्लबच्या सभेत त्यानं रूबेनला जे ऐकवलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, की वही लिहिणारा मेला, वही देणारी बाई नव्वदीची, आणि वाचणारा वेडा, तेव्हा ह्यातल्या कुणाचं ऐकून मी कॉर्नेटवाल्यांना नव्यानं शिकवायचं? पाद्रीसाहेबांनी मध्यस्थी केली. म्हणाले, जुन्या कागदाला एकदा मान द्यावा, एक वर्ष सरळ वाजवून बघावं. क्लबनं कुरकुरत मान्य केलं. तेव्हा यांडल उठला आणि रूबेनकडे बोट करून त्यानं आपली अट घातली:

“यंदा तुझ्या वहीप्रमाणे. पण चर्चपर्यंत एकाही सभासदाचा पाय अडखळला, तर ढोल तू खाली ठेवायचास, आणि पुढच्या वर्षीपासून तो पोस्टातला नॉर्मन वाजवणार. कबूल?”

रूबेन म्हणाला, “कबूल.”

घरी येताना मी त्याच्या पुढे निघाले. एकशेवीसनं चालले.

ढोल गेला तर काय होईल हे मला ठाऊक होतं. माझी चुलीजवळची जागा मोकळी होईल, हे खरं. पण युद्धातून आल्यावर पहिलं वर्षभर तो फक्त दोन वेळा माणसात असायचा. पिंपाभोवती फिरताना आणि ढोल गळ्यात असताना. बाकी वेळ खिडकीशी बसून. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं, मी जाता-येता त्याला बघायची. ढोलाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून निघून नॉर्मनच्या खांद्यावर गेला, की तो पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसेल, ह्याची मला खात्री होती. आणि ह्या सगळ्याचं कारण काय, तर त्यानं स्वतःहून ओढवून घेतलेलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. त्या महिन्यात मी प्रार्थनेत देवापुढे त्याच्याबद्दल जे बोलले, ते देवानं ऐकून घेतलं याबद्दल त्याचे आभार.

शाळेच्या पटांगणात तालीम झाली. सरळ चालीवर साठ पुरुष निघाले आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धे थांबले, अर्धे चालत राहिले. लोहाराची काठी खाटकाच्या पायावर आली. गेल्या चाळीस वर्षांत पाय न चुकलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर आदळून उभी. रूबेन पुढे, पाठमोरा, सरळ वाजवत निघालेला; त्याला मागे काय झालं ते पन्नास पावलांनी कळलं. यांडलनं नुसती टोपी काढून डोकं पुसलं. बँडला मात्र त्यानं कामाला लावलं. तो शब्दाचा पक्का. ठरलं सरळ तर सरळ. तीन संध्याकाळी घासून घासून त्यानं कॉर्नेटवाल्यांच्या हाडातून तो जादा ठोका काढून टाकला. पण पायांतून कोण काढणार? पाय बँडचे नव्हते, गावाचे होते.

घरी येऊन रूबेन म्हणाला, शिकतील लोक. मी म्हटलं, अडीच आठवड्यांत? तो म्हणाला, पलटणीत आम्ही शेतमजुरांना आठवड्यात चालायला शिकवायचो. मी म्हटलं, तेव्हा त्यांच्यामागे सार्जंट होता, इथे मिसेस यांडल आहेत. त्यावर तो शेडमध्ये गेला.

व्हिट रविवारच्या आदल्या गुरुवारी पाद्रीसाहेब माझ्याकडे आले. त्या रविवारी एखादं स्तोत्र जुन्या, गावच्याच चालीवर म्हणता आलं तर बरं, असं त्यांच्या मनात होतं. व्हाउल्सच्या वहीत काही आहे का, मी बघावं. मी हात पुसले, वही घेतली आणि आठ वर्षांत प्रथम माझ्या बाजूनं उघडली.

अक्षर तेच, टोकदार, उजवीकडे झुकलेलं. एकेका स्तोत्राखाली त्यानं बारीक टिपणं केली होती: आज बासरी फुटली, आज पाद्री खोकत होते, आज सेलो वाजवणारा आलाच नाही. मी पण रोजची वही लिहिते, त्यामुळे मला तो माणूस ओळखीचा वाटला. स्तोत्र एकशेएकविसावं आलं, ‘तो तुझा पाय घसरू देणार नाही’ असं ज्यात आहे ते, आणि त्याच्याखाली हे होतं. मी जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे:

‘व्हिट रविवार, १८१९. प्रार्थनेनंतर सर्व सभासदांचं ठरलं, की जॉन क्रीड युद्धावरून आल्यापासून लाकडी पायानं चालतो आणि मागे पडतो, तरी त्यानं उद्या आपल्याबरोबर पहिल्या जोडीत चालावं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ढोलानं एक ठोका थांबावं, सर्वांनी काठी टेकावी, म्हणजे क्रीडला पाय ओढून घेता येईल आणि तो एकटाच काठी टेकतोय असं दिसणार नाही. जेम्स टॅपस्कॉटनं हे लक्षात ठेवण्याचं कबूल केलं आहे.’

मी खुर्चीवर बसले. पावाचं पीठ उतू जात होतं, जाऊ दिलं.

आठ वर्षं. आठ वर्षं ही वही माझ्या घरात होती. शाळेच्या बाकावर गुडघे मोडून घेतले, माझी प्रार्थनेची पुस्तकं खराब केली, खापरपणजोबाला दारुडा ठरवलं, गावाशी भांडण घेतलं, ढोल पणाला लावला, आणि उत्तर वही उलटी धरली असती तर मिळालं असतं. चूक त्याचीच का, माझीही होती. ती बाजू माझी आणि देवाची, असं त्यानं म्हटलं होतं, आणि मी तरी ती कुठे उघडली? देवाची बाजू देव बघेल, असं म्हणून मी आठ वर्षं तिच्यावरची धूळ तेवढी पुसली.

आता सांगावं कसं? मोठ्यानं सांगितलं असतं तर माझ्या आवाजात आठ वर्षं उतरली असती. म्हणून मी वही त्या पानावर उघडी करून चुलीजवळ ढोलावर ठेवली, आणि पान मिटू नये म्हणून वर लाटणं ठेवलं. मग केझाया व्हाउल्सबाईंकडे गेले.

परत आले तेव्हा लाटणं जागेवर होतं, वही मिटलेली होती आणि रूबेन टेबलाशी बसला होता.

मी विचारलं, “वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“मग काय? चहा आहे का?”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. यांडलला जाऊन सांग, म्हटलं. अट मोडायला लाव, चाल पूर्वीसारखी करून घे. तो म्हणाला, बघू. रविवारी आम्ही एकशेएकविसावं स्तोत्र व्हाउल्सच्या चालीवर म्हटलं. रूबेननं बाकावर बोट वाजवलं नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मांडीवर शांत होते, आणि मी इतकी घाबरले की प्रवचनातलं एक अक्षर ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी त्यानं ढोल ताणला, पट्टा खांद्यावर घेतला, आणि मी त्याच्या कोटावरची राख झटकली. काय करणार आहेस, हे मी शेवटचं विचारलं. म्हणाला, “ढोल वाजवणार आहे.” असं उत्तर देणाऱ्या माणसाबरोबर तेहतीस वर्षं काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढली त्यालाच माहीत.

आम्ही बायका पुलाजवळच्या भिंतीशी उभ्या होतो. केझायाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी. ‘नांगर’कडून ढोल आला, मग बँड, मग पितळी टोकं उन्हात चमकत आली. पुरुषांचे चेहरे परीक्षेला निघाल्यासारखे. सगळे खाली, स्वतःच्या पायांकडे बघत. लोहारानं काठी खांद्यावरच धरली होती, चुकून टेकायला नको म्हणून. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ आली. तिचा शेवट आला.

रूबेन एक ठोका थांबला.

बँड सरळ पुढे गेला. यांडलनं तीन संध्याकाळी घासून शिकवलेला बँड एक ठोका पुढे निघून गेला, आणि ढोल मागे. कॉर्नेटवाल्यांनी ढोल ऐकला, कुणी थांबलं, कुणी पळत मागे आलं, मोठ्या बाजाच्या पोटातून म्हशीसारखा एक आवाज निघाला. पण मागच्या साठ पुरुषांनी बँडकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी ढोल ऐकला होता. साठ पावलं जागी थांबली, साठ काठ्या एकदम पुलावर आपटल्या, लोहाराचीही खांद्यावरून खाली आली, आणि खुर्चीतल्या केझायाबाईंचीही. मग पुढचं पाऊल पडलं. त्यानंतर चर्चपर्यंत बँडनं ढोल गाठायचा प्रयत्न केला. गाठला तो कबरस्तानाच्या फाटकाशी. पण पाय एकाचाही अडखळला नाही.

फाटकाशी यांडल कॉर्नेट काखेत मारून आला. त्याचं तोंड पितळेपेक्षा लाल होतं.

“तीन संध्याकाळी,” तो म्हणाला. “तीन संध्याकाळी मी ह्या गाढवांना सरळ शिकवलं, रूबेन. तुझ्यासाठी. माझी बायको माझ्याशी बोलायची थांबली. आणि तू?”

रूबेन म्हणाला, “अट काय होती?”

“अटीचं सोड.”

“अट होती की सभासदाचा पाय अडखळला तर. कुणाचा पाय अडखळला?”

यांडलनं मागे बघितलं. साठ पुरुष टोप्या काढून चर्चमध्ये शिरायला उभे होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडावर हसू होतं.

“पाय नाही,” यांडल म्हणाला. “माझा बँड मेला.”

“बँड अटीत नव्हता,” रूबेन म्हणाला. मग त्यानं खिशातून कागद काढला. ते टिपण त्यानं पिंपाच्या शेडमध्ये बसून उतरवून घेतलं होतं, शेवटचं जेम्स टॅपस्कॉटचं वाक्य दोनदा. यांडलनं ते कबरस्तानाच्या भिंतीशी उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला की हे आधी सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मी मागेच उभी होते. मी म्हटलं, मला उत्तर मिळालं की तुम्हालाही कळवते.

जेवणाला थंड हॅम, नवे बटाटे आणि सायडर होती. पाद्रीसाहेबांनी टिपण सगळ्यांना वाचून दाखवलं. क्लबातले मोठमोठे पुरुष ताटाकडे बघत ऐकत होते, आणि लोहारानं नाक शिंकरायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. पुढच्या वर्षीपासून पुन्हा पहिल्यासारखी वाजवायची हे मत न घेताच ठरलं. नॉर्मन खूष झाला. त्याला ढोल कधी हवाच नव्हता, त्याच्या मते तो फार जड आहे.

घरी परतताना मी एकशेआठनं चालले, ह्याची नोंद व्हावी. वाटेत मी विचारलं, वाचलंस तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “गुरुवारी मला माहीत नव्हतं मी काय करणार. काठी टेकायच्या जागी हातच थांबला. जेम्सनं कबूल केलं होतं ना.” हे तो इतक्या सहज म्हणाला, जणू जेम्सनं ते काल संध्याकाळी आमच्या टेबलाशी बसून कबूल केलं असावं.

तेवढ्यावर हे लिहिणं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण आज मंगळवार आहे. सकाळी मी पावाचं पीठ मळून फुगायला ठेवलं, तेव्हा तो स्वयंपाकघरात एक पाय ताठ धरून फिरत होता. तीन पावलं चालायचा, थांबायचा, झाडूचा दांडा आपटायचा, परत फिरायचा. मी विचारलं काय चाललंय. म्हणाला, ठोका ज्या जागी पडतो त्यावरून क्रीडचा लाकडी पाय डावा होता की उजवा, ते काढता येईल. आणि पाय कळला की तो कुठल्या लढाईत गेला तेही कदाचित कळेल, कारण पलटणीच्या जुन्या नोंदींत जखमा लिहिलेल्या असतात, त्या परगण्याच्या मोठ्या दप्तरखान्यात आहेत, आणि तिथे बस जाते.

मी म्हटलं, रूबेन, तू सहासष्ट वर्षांचा आहेस.

“म्हणून तर लवकर सुरू करायला हवं,” तो म्हणाला. दांडा पुन्हा आपटला, आणि चुलीजवळ ठेवलेलं माझं पीठ बसलं.